घोड्याचे तोंड आणि लोहाराचे लोखंड

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले की लोहारा येते. आता तेथे औद्योगिक वसाहत आहे. पण गावाचे नाव ऐकले की कानात घण वाजतो तो वाजतोच. लोहार म्हटला की आपणांस विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आठवतो. आज मात्र त्याच्या हातची एक लहानशी वस्तू आपल्यापुढे ठेवायची आहे. लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या तोंडात राहतो, तो. जुन्या मराठीत त्याला कडियाळे म्हणतात.

ही वस्तू आपल्या विदर्भात फार जुनी आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळे रिव्हेट-कार्नॅक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने खणली. पुढे शां. भा. देव ह्यांनी 1970 ते 72 ह्या काळात माहुरझरीला पद्धतशीर उत्खनन केले. माणसाच्या दफनाशेजारी घोड्याची हाडे, त्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार आणि लोखंडी कडियाळी तेथे मिळाली. काळ सुमारे अडीच ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे लोखंड येथलेच, लोहारही येथलाच. आणि धन्याबरोबर मातीत जाण्याइतका घोडाही मोलाचा होता. धन्याबरोबर जाणे त्या घोड्याला पसंत होते की नाही, हा प्रश्न वेगळा!

आता आपण म्हणाल, कडियाळ्यात एवढे काय आहे? घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे मोकळी हिरडी असते. कडियाळे बसते ते तेथे, जिभेवरून आडवे. त्या हिरडीवर कातडी पातळ, आणि खाली लगेच हाड. लगाम खेचला की घोडा मान झटकतो, तोंड उघडतो, जीभ कडियाळ्यावर काढतो किंवा नाक आभाळाकडे करून उधळतो. स्वार म्हणतो, “घोडा तोंडाचा जड आहे, कडक लगाम आणा.” वास्तविक कडियाळे अरुंद असेल तर ओठ चिमटतात, मधला सांधा टाळूला टोचतो, कधी दाढांच्या पुढे बारीकसा जादा दात उगवलेला असतो आणि लोखंड त्यावर आपटते. आणि पुष्कळदा दोष लोखंडाचा नसतोच, हाताचा असतो.

ह्या बाबतीत दोन ग्रीक साक्षी फार बोलक्या आहेत. झेनोफन हा स्वतः घोडदळातला माणूस. इ. स. पूर्व चौथ्या शतकात तो लिहितो की घोडेवाल्यापाशी निदान दोन कडियाळी असावीत, एक गुळगुळीत आणि एक खरबरीत. खरबरीतावर शिकलेला घोडा गुळगुळीतावर आला की खुशीने तेच काम करतो. शिवाय कडियाळे ताठ नसावे, साखळीसारखे लवचीक असावे. ताठ कडियाळे घोडा दातांत पकडून ठेवतो. लवचिकाचा एक भाग पकडला तर दुसरा निसटतो. काटे झेनोफनलाही वर्ज्य नव्हते, पण त्याचा डोळा गुळगुळीतावर होता.

दुसरी साक्ष आपल्याच देशाची आहे. शिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस ह्याच्या वृत्तान्ताच्या आधारे एरियन सांगतो की हिंदी लोक घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा पट्टा शिवतात. त्याला आतून पितळी किंवा लोखंडी काटे असतात, फार तीक्ष्ण नव्हेत, श्रीमंतांकडे हस्तिदंती. तोंडात सळईसारखे लोखंड. लगाम ओढला की काटे टोचतात आणि घोडा ऐकतो. ऐकेल नाही तर काय करील बिचारा!

काट्यांची बाजू घेणाऱ्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एका हातात भाला किंवा तलवार, दुसऱ्या हातात ढाल आणि लगाम, अशा स्थितीत घोडा जागच्या जागी वळला नाही तर स्वाराचा जीव जातो. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तितक्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल ह्यांसाठी माणूस नेमलेला. तोंडाची काळजी मात्र स्वाराच्या हातावर सोडलेली. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. मला वाटते, ह्या दोघांच्या हातांत फरक पडत असलाच पाहिजे.

पण लढाई संपून शतके लोटली. आता तो काटा कोणासाठी? ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारने 1965 साली जे नियम केले, त्यांत काटे किंवा टोके असलेले कडियाळे वापरण्यास मनाई आहे. तरीही वरातीच्या घोड्यांच्या तोंडांत ते सापडते. बँड, फटाके, दिवे ह्यांनी बुजलेला घोडा एका हातात धरायचा, तर काटा स्वस्त पडतो.

लोहाऱ्यात किंवा यवतमाळात यंदा लग्नाला गेलात, तर नवरदेवाच्या फेट्याकडे पाहून झाल्यावर घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्याकडेही एकदा पाहा. जुन्या वणाची खूण तेथेच राहते.