तळटीप १७ : ‘एक डोळा मिटला नि दोरा हुकला’
१७. आजीची तक्रार खरी आहे. दोन डोळ्यांत ६ सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे गोधडीवर धरलेली सुई प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळ्या जागी दिसते. मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी ही दोन चित्रं ताडून पाहतात आणि फरकावरून खोली काढतात. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली दोन सपाट चित्रं आरशांतून एकेका डोळ्याला दाखवून हे पटवून दिलं. पुढच्या पानावरचा धुळ्याजवळचा लळिंग किल्ला मात्र एका डोळ्यानेही तेवढाच लांब वाटेल. इतक्या अंतरावर दोन्ही चित्रं जवळजवळ सारखीच. तिथे धुरकट डोंगर आणि लहान होत जाणारी झाडंच अंतर सांगतात. आजीने दोष दोऱ्याला दिला, तो पाठ तसाच ठेवला आहे. – संपा.