‘संरक्षण’ या संज्ञेचा इतिहास : एका पत्त्यांच्या खेळाची नियमभाषा

मॅजिक : द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या संस्थेने १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ. या खेळातील बहुतेक पत्त्यांवर त्यांचा त्यांचा नियम छापलेला असतो. अर्थात खेळाचे कायदेपुस्तक हजारो पत्त्यांवर विखुरलेले आहे, आणि एकदा छापून विकलेले वाक्य परत घेता येत नाही. पुढे अर्थ बदलावयाचा झाल्यास प्रकाशकाचा अधिकृत पाठ एक आणि खेळणाऱ्याच्या हातातील पाठ दुसरा, अशी स्थिती होते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही अपरिचित नाही. परिभाषा कशी घडते आणि कशी बिघडते, हे पाहावयास याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल.

पहिल्याच संचात श्वेत सरदार व कृष्ण सरदार असे दोन पत्ते होते. श्वेत सरदारास काळ्या रंगापासून ‘संरक्षण’ होते व कृष्ण सरदारास पांढऱ्यापासून. शब्द साधा, रोजच्या वापरातला. नवख्या खेळाडूने त्याचा अर्थ ‘त्या रंगाचे काहीही बाधत नाही’ असा घेतल्यास त्याचा दोष नव्हे. परंतु नियमात हा अर्थ नाही. स्थिर झालेल्या नियमाप्रमाणे संरक्षण चारच गोष्टी करते. त्या रंगाकडून होणारी इजा टळते, त्या रंगाचे जोडपत्ते चिकटत नाहीत, त्या रंगाचे प्राणी वाट अडवू शकत नाहीत, आणि त्या रंगाच्या मंत्राचे लक्ष्य होता येत नाही. या चार क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ऋण’ या अर्थाचा शब्द बनतो, व खेळाडू त्यावरच नियम लक्षात ठेवतात.

गणनेबाहेर जे राहिले ते बाधते. पहिल्या संचातलाच ‘देवाचा कोप’ हा पांढरा मंत्र सर्व प्राण्यांचा नाश करतो. तो इजा करीत नाही, कोणास लक्ष्यही करीत नाही. म्हणून पांढऱ्यापासून संरक्षण असलेला कृष्ण सरदार त्यात मरतो. याउलट ‘भूकंप’ हा तांबडा मंत्र लक्ष्य न करता सरसकट इजा करतो. त्यातून तांबड्यापासून संरक्षण असलेला प्राणी वाचतो. १९९७ मधील एक काळा मंत्र प्रतिस्पर्ध्यास त्याच्या प्राण्यांपैकी एकाचा बळी द्यावयास लावतो. श्वेत सरदार एकटाच असेल तर तोच जातो, कारण मंत्राचे लक्ष्य खेळाडू आहे, सरदार नव्हे. कारकविचारात कर्म कोणते हे ठरविल्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाही, तेच येथे. पाणिनीच्या शास्त्रात ‘वृद्धि’ म्हणजे वाढ नव्हे, आ, ऐ, औ हे तीन वर्ण, हे विद्यार्थी पहिल्याच सूत्रात शिकतो. या खेळातील विद्यार्थ्यास मात्र ते हरल्यावर कळते.

नियमाच्या काटेकोरपणातून गमतीही उद्भवल्या. पहिल्या संचात प्राण्यास जोडून एकेका रंगापासून संरक्षण देणारे पाच पत्ते होते. त्यांच्या नावात ‘वॉर्ड’ हा शब्द होता. त्यांतील पांढऱ्यापासून रक्षण करणारा पत्ता स्वतःच पांढरा! म्हणजे त्याने दिलेल्या संरक्षणामुळे तोच गळून पडावयाचा. शेवटी अधिकृत पाठात, या परिणामाने हा पत्ता निघत नाही, असे वाक्य घालावे लागले.

दरम्यान केवळ लक्ष्य होऊ न देण्याचा गुण वेगळा झाला होता. २००७ मध्ये त्यास ‘श्राउड’ ही संज्ञा मिळाली. मुळात वस्त्र, पुढे कफन, असा त्या इंग्रजी शब्दाचा अर्थप्रवास आहे. मात्र हे आवरण मालकासही आड येई, आणि खेळाडू हे वारंवार विसरून आपल्याच प्राण्यावर मंत्र टाकीत. म्हणून केवळ प्रतिस्पर्ध्याचीच वाट रोखणारा गुण २०११ मध्ये ‘हेक्सप्रूफ’ या नावाने रूढ केला गेला. यातला ‘हेक्स’ पेनसिल्व्हानियातील जर्मन बोलीतून इंग्रजीत आलेला, चेटकीशी नाते सांगणारा शब्द. येथे लोकांच्या चुकीच्या वाचनापुढे नियमानेच मान तुकविली, असे म्हणावयास हरकत नाही.

‘अविनाशी’ या गुणाची कथा निव्वळ व्याकरणाची आहे. २००४ मध्ये तो आला तेव्हा पत्त्यावरील वाक्य ‘हा अविनाशी आहे’ अशा घाटाचे होते; शब्द विशेषण होता. २०१३ मध्ये त्याचे नाम केले गेले, म्हणजे प्राण्याच्या ‘ठायी’ असणारी एक शक्ती. फरक वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु प्राण्याच्या सर्व शक्ती हिरावणारा मंत्र पडल्यास दुसऱ्या मंत्राने दिलेले अविनाशित्व पूर्वी टिके. आता तेही जाते.

मूळच्या ‘संरक्षणा’चे काय झाले? चार कलमे पाठ करावयास लावणारा हा शब्द २०१५ नंतर नव्या संचांतून नियमित वापरातून काढण्यात आला. २०१९ मध्ये तो परत आला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, श्वेत व कृष्ण सरदारांची आठवण करून देणारी एक नवी जोडी निघाली. तिला विरुद्ध रंगापासून संरक्षण नव्हते, त्या रंगापुरते हेक्सप्रूफ तेवढे होते; चारांपैकी एकच कलम उरले, तेही प्रतिस्पर्ध्यापुरते. २०२१ मध्ये ‘वॉर्ड’ हा शब्द पुन्हा अवतरला, पण पत्त्याचे नाव म्हणून नव्हे, तर गुणाची संज्ञा म्हणून. हा वॉर्ड रोखत नाही, दाम मागतो. प्रतिस्पर्ध्याने प्राण्यास लक्ष्य केले, तर ठरलेली किंमत दिल्याशिवाय त्याचा मंत्र निष्फळ होतो. पहाऱ्याचा शब्द जकातनाक्यावर जाऊन बसला. १९९३ चे पाच पत्ते त्यांच्या जुन्या नावांनिशी अजून खेळता येतात. त्यांच्या नावातील ‘वॉर्ड’ आणि आजची संज्ञा यांचा नियमाने काहीही संबंध नाही.