पंधरा वर्षं झालेली गाडी पासिंगला नेताना: फोनवरची कागदं, घरची तपासणी आणि नापास झाल्यावर काय

गाडीला पंधरा वर्षं झाली की गावात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "आता भंगारात काढा." दुसरा, "खेड्यात कोण बघतंय, चालू द्या." दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

पहिला सल्ला दिल्लीच्या बातम्यांमधून आलाय. तिथे दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे निर्बंध आले. ते दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागापुरते. भंडारा जिल्ह्यात, म्हणजे एमएच ३६ पासिंगच्या गाडीला, वयाची अशी सरसकट बंदी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, आणि गाडी तपासणीत पास झाली की पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, पुन्हा पाच वर्षं. गाडी धड असेल तोवर हे चालू शकतं.

आता दुसरा सल्ला. आरसीची मुदत संपली की कायद्याच्या नजरेत ती गाडी नोंदणी नसलेली ठरते. कलम १९२ खाली पहिल्यांदा सापडलात तर २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पण खरा धोका दंडाचा नाही, विम्याचा आहे. विमा कंपनी हप्ता घेते, पॉलिसीही देते, आणि अपघात झाल्यावर आरसीची तारीख बघते. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाड्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०२१ मध्ये विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला होता. नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणं हाच करारभंग, असं त्यामागचं कारण. वडिलांच्या जुन्या अल्टोने कुणाला धडक बसली आणि आरसी चार महिन्यांपूर्वी संपलेली असेल, तर भरपाई शेत विकून भरायची वेळ येऊ शकते.

तुमच्या गाडीला दरवर्षी की पाच वर्षांनी?

पांढऱ्या नंबरप्लेटची कार किंवा दुचाकी असेल तर वर सांगितलेला पंधरा वर्षांचा नियम. पिवळी प्लेट असेल, म्हणजे काळी-पिवळी, छोटा हत्ती, पिकअप, तर गोष्ट वेगळी. त्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षं ओलांडली की दरवर्षी. साकोली तालुक्यात धान वाहणारे बरेच पिकअप आठ वर्षांपुढचेच दिसतात, त्यामुळे मालकांना पासिंग हे दरवर्षीचं काम वाटतं आणि कारवाल्याला पंधरा वर्षं त्याची आठवणही येत नाही.

आधी फोन उघडा, बोनेट नंतर

एकोडीहून भंडाऱ्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जायचं म्हणजे साकोली गाठून महामार्ग ५३ ने आणखी जवळपास चाळीस किलोमीटर. एवढं जाऊन "कागद अपुरे" ऐकून परत यायचं नसेल तर निम्मं काम घरी करा. एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा आणि पीयूसीच्या तारखा दिसतात.

तिथे तीन गोष्टी नीट बघा. मालकाचं नाव कुणाचं आहे? आपल्याकडे नागपूरहून घेतलेल्या सेकंडहँड गाड्या भरपूर. एमएच ३१, ४०, ४९ ची गाडी वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्याच नावावर फिरत असते. आधी फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर आणि पत्त्यावर करावी लागेल. जुना मालक सही द्यायला जिवंत आणि सापडेल असा असतो तेव्हाच हे सोपं असतं, म्हणून पंधराव्या वर्षाची वाट बघू नका.

दुसरं, कर्जाचा बोजा. हप्ते २०१४ मध्ये फिटले असतील, पण बँकेची एनओसी कपाटात पडून राहिली आणि फॉर्म ३५ कुणी भरलाच नाही, तर आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. तेही आधी काढून घ्या.

तिसरं, मोबाईल नंबर. एजंटकडून काम केलं असेल तर नोंदीत कधीकधी त्याचाच नंबर टाकलेला असतो. मग प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर. वाहन पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर देऊन नंबर बदलता येतो. हे अगदी आजच करा, गाडी नवी असली तरी.

थकलेली ई-चलानंही भरून टाका, नाहीतर अर्ज मध्येच अडकू शकतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती क्रोमियम होलोग्रामवाली नंबरप्लेट, लावून घ्या. महाराष्ट्रात कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरलेला आहे. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा. या प्लेटच्या नावाने खोट्या साइट निघाल्या, आणि "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकारही झालेत. कुठलंही परिवहन कार्यालय व्हॉट्सअॅपवर एपीके पाठवत नाही. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

गाडीत काय बघतात

निरीक्षक सगळ्यात आधी ओळख पटवतो: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का. जुन्या गाडीत घोळ इथेच होतो. नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो आणि त्यावर गंज, ग्रीस आणि धुळीचा थर बसतो. आदल्या दिवशी कापडाने आणि थोड्या केरोसीनने तो साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेऊन बघा. सँडपेपर अजिबात नको. घासून अंक पुसट झाले तर नंबरमध्ये छेडछाड केल्याचा संशय येतो आणि तो निस्तरणं फार त्रासाचं.

मग ब्रेक. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये हलक्या गाडीसाठी ताशी ३० किलोमीटर वेगावरून १३ मीटरच्या आत थांबण्याची कसोटी आहे. १३ मीटर म्हणजे जवळपास चार मारुती ८०० एकामागे एक. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात हे करून बघता येतं. वेग फोनच्या जीपीएसवर शेजारी बसलेल्याने बघायचा, तुम्ही नाही. थांबताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर एकाच चाकाचा ब्रेक धरतोय, मेकॅनिककडे जा. हँडब्रेक बहुतेकांचा नावापुरताच उरलेला असतो, कारण आपल्याकडे गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय आहे. केबल ताणून घ्यायला फार खर्च येत नाही.

दिव्यांसाठी एक सोपी युक्ती. एकटे असाल तर फोन स्टुलावर ठेवून गाडीच्या मागे व्हिडिओ सुरू करा. आत बसून ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग, रिव्हर्स सगळं एकेक दाबा, नंतर व्हिडिओ बघा. पुढून पुन्हा तेच. धानाच्या कोठीजवळ किंवा तणसाच्या ढिगाशेजारी गाडी उभी राहत असेल तर वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असण्याची शक्यता गृहीतच धरा. मागच्या सीटचे बेल्टही त्यांच्या आवडीचे. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. टूथपेस्टने चमक येते, पण ती फार दिवस टिकत नाही.

टायरच्या खाचांची खोली कारसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी नको: टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेमध्ये रबराची उंच पट्टी दिसते. टायर झिजून त्या पट्टीला टेकला की संपला. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट वाजलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय.

गंज मात्र वरवर बघून कळत नाही. बांधीच्या चिखलातून गाडी आली की तो चिखल चाकांच्या खोबणीत आणि दरवाज्याखालच्या पट्टीत अडकतो आणि आतून पत्रा खातो. वरून रंग मारला की डोळ्यांना छान दिसतं, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर भोक पडतं. जॅक लावायची जागा आणि फ्लोअर एवढं जरी ठोकून बघितलं तरी पुरे. हे वेल्डिंगचं काम आहे, रंगाचं नाही.

आणि हौशी गोष्टी. काचांवरची काळी फिल्म काढा, तिच्याविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि निरीक्षकाला ती लांबूनच दिसते. वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न, बंपरपुढचं लोखंडी गार्ड, निळे-जांभळे दिवे हेही उतरवा. गाडीचा रंग बदलला असेल किंवा व्हॅनला गॅस किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीत हवी. नोंद नसलेल्या किटची गाडी पासिंगला नेणं म्हणजे स्वतःहून सापडणं.

धूर

पीयूसीचा नियम सरळ आहे: बीएस-३ आणि त्याआधीच्या गाडीला सहा महिने, बीएस-४ आणि बीएस-६ ला एक वर्ष. २०१०-११ मध्ये भंडाऱ्यात घेतलेली गाडी बहुधा बीएस-३ असेल, कारण बीएस-४ देशभर सक्तीचं झालं ते एप्रिल २०१७ मध्ये. बीएस-३ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमची मर्यादा आहे. बीएस-४ ला तेच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम.

गाडी थंड असताना पीयूसी केंद्रावर नेऊ नका. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. वीस मिनिटं चालवून थेट नळी लावायला सांगा. त्याआधी एअर फिल्टर, प्लग आणि इंजिन ऑइल बदललेलं असेल तर आकडे बरेच खाली येतात. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घेऊन फोनवर बिघाड वाचायचा विचार असेल तर जरा थांबा. आपल्याकडे ओबीडीची सक्ती बीएस-४ सोबत आली, त्यामुळे बीएस-३ गाडीशी ही अॅप्स बहुतेक वेळा जोडलीच जात नाहीत.

अर्ज, पैसे, तारीख

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. परिवहनच्या वाहन सेवेत गाडीचा नंबर, ओटीपी, मग नोंदणी नूतनीकरण निवडायचं, कागद अपलोड करून शुल्क भरायचं आणि तपासणीची तारीख घ्यायची. गाडी कुठे आणायची तेही तिथेच कळतं. स्वयंचलित चाचणी केंद्र असेल तर ब्रेक आणि धूर यंत्रावर मोजले जातात, तिथे ओळखपाळख चालत नाही. परिवहन कार्यालयाचे तालुक्याला मासिक दौरे असतात. त्यात पासिंग घेणार आहेत का हे आधी विचारा, घेत असतील तर भंडाऱ्याची फेरी वाचेल.

एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि दुचाकीला १,००० लागतात. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षं ओलांडलेल्या कारला ते १०,००० आणि दुचाकीला २,००० केले. उशीर झाला तर कारला दरमहा ५००, दुचाकीला ३०० वेगळे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी भरावा लागतो, पेट्रोल आणि डिझेलचा वेगवेगळा. पैसे भरताना पोर्टलवर दिसतो तोच आकडा खरा धरा, एजंटने चिठ्ठीवर लिहिलेला नव्हे.

नापास झाली तर

तोंडी "होणार नाही" ऐकून परतू नका. कलम ४५ प्रमाणे नूतनीकरण नाकारताना कारणं लेखी द्यावी लागतात. त्या कागदामुळे मेकॅनिकला नेमकं काय करायचं ते कळतं आणि तो उगाच अख्खं इंजिन उघडत नाही. निर्णयच चुकीचा वाटला तर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं.

दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या जवळ जायला लागला तर हट्ट सोडलेला बरा, विशेषतः फ्लोअर सडलेला असेल तर. पण दारावर आलेल्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणी रद्द होईपर्यंत कागदावर मालक तुम्हीच, आणि त्या नंबरवर उद्या काहीही झालं तरी नोटीस तुमच्याच घरी येणार. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्क्रॅप धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते नवी गाडी घेताना शुल्कात सवलतीसाठी चालतं.

पास झाली तर नवी आरसी पोस्टाने घरी येते. तोवर डिजीलॉकरमध्ये आरसी पुन्हा ताजी करून घ्या आणि पुढची तारीख बदललेली दिसते का बघा. डिजीलॉकर आणि एमपरिवहनमधली आरसी २०१८ पासून मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. फोनमधला साधा फोटो मात्र चालत नाही.