ग्रंथपेट्या, जोडअंक आणि संकेतशब्द : सीमाभागातील संशोधकाच्या वाटेचा इतिहास

विजापूरचा पहिला अली आदिलशाह (कारकीर्द १५५८-१५८०) स्वारीवर निघाला की ग्रंथांनी भरलेल्या पेट्या त्याच्याबरोबर असत. रफीउद्दीन शिराझी याने ‘तझ्किरतुल मुलूक’ या ग्रंथात ही हकीकत नोंदवली आहे. सुलतानाच्या कुतुबखान्यात खुशनवीस, सोनेरी वेलबुट्टी काढणारे, जिल्दसाज अशी साठेक माणसे दिवसभर कामाला असत. या कुतुबखान्यावर शेष वामन पंडित या संस्कृत विद्वानाची सालीना एक हजार होनांवर नेमणूक झाली होती. मुस्लिम सुलतानाच्या ग्रंथसंग्रहाचा ग्रंथपाल एक शेष घराण्यातील पंडित असावा, हे दख्खनच्या तत्कालीन जीवनाचे बोलके उदाहरण होय. आज या गोष्टीचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्या काळी ते वाटल्याचे दिसत नाही.

ही माहिती अभ्यासकांपुढे नीट मांडली ती डॉ. पां. म. जोशी यांनी. त्यांचा इंग्रजी लेख मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, १९५६-५७ च्या जोडअंकात आला. याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या घटनेचे राजकीय परिणाम सर्वज्ञात आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बेळगाव-निपाणी परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याला जोशी यांचा हा लेख वाचावयाचा असेल तर तो कोठे आणि कसा मिळणार, हा त्यामानाने लहान प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेतला आहे.

नियतकालिकांच्या बाबतीत हा भाग पूर्वी मागे नव्हता. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी मुंबईहून ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू केले. मुलकी सेवेतील जॉन फेथफुल फ्लीट यांनी या प्रदेशातील शिलालेख त्यात वाचून छापले. १८८४ मध्ये बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. लेखन इथल्या दगडांवरचे, छपाई मुंबईची आणि अंक टपालाने परत इथे, असा तो व्यवहार होता. हस्तलिखितांच्या नशिबी मात्र परतीचा प्रवास नव्हता. विजापूरच्या आसार महालात उरलेली आदिलशाही हस्तलिखिते १८५३ मध्ये लंडनला गेली. ऑटो लोथ यांनी इंडिया ऑफिसमधील अरबी हस्तलिखितांची सूची केली (१८७७), तीत त्यांचा समावेश आहे. हा संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

१९५६ नंतर शैक्षणिक संलग्नतेची रेषा राज्याच्या रेषेप्रमाणे आखली गेली. बेळगाव जिल्ह्यातील महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे राहिली. कोल्हापूरला १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. निपाणीचे चित्र यामुळे मोठे विलक्षण झाले आहे. गावाला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येते व शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. खुद्द निपाणीतील केएलई संस्थेचे बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात आहे. तेव्हा ते धारवाडशी संलग्न होते आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यापासून ते त्या विद्यापीठाकडे आहे. एका गल्लीतील दोन भावंडे दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांत शिकू शकतात, असा हा प्रकार आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तर धारवाड दीडशेच्या घरात. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहुणा वाचक म्हणून बसण्याची परवानगी बहुधा मिळे. छापील अंकाला वाचक कोणत्या राज्याचा आहे हे कळत नसते.

इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाला मात्र ते कळते, आणि येथेच या विषयाचा खरा पेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’च्या छत्राखाली ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झाले. परदेशी नियतकालिकांच्या वर्गण्या एकेकट्या विद्यापीठाला परवडेनाशा झाल्या होत्या. सर्वांच्या वतीने एकदाच सौदा करावा, या विचारातून ‘यूजीसी-इन्फोनेट’चा ग्रंथालय संघ उभा राहिला. २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. योजना निःसंशय मोठी होती. परंतु तिची दारे संगणकाच्या आयपी क्रमांकावर उघडत. विद्यापीठाच्या आवारातील संगणकावर लेख उघडे, आवाराबाहेर तोच लेख पैसे मागे. संलग्न महाविद्यालये या वर्तुळाच्या बाहेर होती. म्हणजे छापील अंकांच्या काळात जो विद्यार्थी एसटीने कोल्हापूरला जाऊन वाचू शकत होता, त्याच्यासमोर आता विद्यापीठाचे सभासदत्व हीच भिंत उभी राहिली.

याचे एक ठळक उदाहरण निपाणीचेच आहे. येथील तंबाखूच्या वखारी आणि विडी कामगार स्त्रिया यांच्याविषयी अनिल अवचट यांनी लिहिले. १९८१ मध्ये येथे तंबाखू शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. छाया दातार यांचे येथील तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवरील इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये आले. या कामगार स्त्रियांत मुस्लिम स्त्रियाही होत्या, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. अशा विषयांवरील गंभीर इंग्रजी लेखन त्या काळी बहुतांशी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’सारख्या साप्ताहिकांत होत असे. त्याचे जुने अंक पुढे ‘जेस्टोर’ या संग्रहात गेले. वखारीत काम केलेल्या बाईच्या नातीला आपल्या आजीच्या पिढीवर काय लिहिले गेले हे निपाणीत बसून वाचता येऊ नये आणि दिल्लीच्या विद्यापीठात मात्र एका कळीसरशी ते समोर यावे, अशी स्थिती कित्येक वर्षे होती.

ही कोंडी फोडली ती ‘एन-लिस्ट’ योजनेने. २०१० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महाविद्यालयांना स्वतंत्रपणे सामावून घेण्यात आले. सुरुवातीला अनुदानित महाविद्यालयांना वर्षाला अवघे पाच हजार रुपये भरावे लागत. त्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि ग्रंथांचा मोठा साठा मिळे. माझ्या मते या योजनेतील खरा क्रांतिकारक भाग आकड्यांत नसून संकेतशब्दात आहे. आयपी क्रमांकाऐवजी प्रत्येक शिक्षकाला व विद्यार्थ्याला स्वतःचे नाव व संकेतशब्द देण्यात आला, त्यामुळे घरी बसून वाचता येऊ लागले. ज्या मुलींना महाविद्यालय सुटताच घर गाठावे लागते, त्यांच्यासाठी याचे मोल काय आहे हे आपल्या संस्थांतील ग्रंथपाल चांगले जाणतात. दुर्दैवाने अनेक ठिकाणी वर्गणी भरली जाते, मूल्यांकन समितीपुढे तिची पावती ठेवली जाते आणि संकेतशब्द विद्यार्थ्यांपर्यंत पोचतच नाहीत. विनाअनुदानित महाविद्यालयांना वर्गणी याहून कितीतरी अधिक पडते. अल्पसंख्य समाजाच्या संस्थांची बरीच नवी महाविद्यालये याच वर्गात मोडतात.

दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकाला यातून काय हाती लागते, हेही तपासले पाहिजे. अनुभव असा की फार जुने आणि अगदी नवे साहित्य मिळते, मधले अडते. फरिश्त्याच्या इतिहासाचे ब्रिग्जकृत भाषांतर (१८२९), बेळगावचे गॅझेटियर, ‘इंडियन अँटिक्वेरी’चे जुने खंड हे सारे ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मोफत आहे. बेळगावच्या असदखान लारीवर काम करणाऱ्याला तेथे बरेच सापडते. गेल्या वीस-तीस वर्षांतील इंग्रजी संशोधन वर्गणीच्या संग्रहांत मिळते. १९२० ते १९८० या काळातील देशी नियतकालिके मात्र अधांतरी आहेत. १९२७ मध्ये हैदराबादहून सुरू झालेले ‘इस्लामिक कल्चर’, अंजुमन-ए-इस्लाम उर्दू संशोधन संस्थेचे ‘नवा-ए-अदब’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांची परदेशी प्रकाशकांच्या गठ्ठ्यात गणनाच नाही. उर्दूच्या बाबतीत २०१३ पासून ‘रेख्ता’ने पुष्कळ काम केले. मराठीत असे एकहाती काम झालेले नाही. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे आणि तीत शिवाजी विद्यापीठाचे मराठी प्रबंधही पाहता येतात.

पडद्यावरचा संग्रह कायम टिकतो, असाही एक भाबडा समज आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी बंद पडले. अन्यत्र प्रती काढून ठेवलेल्या होत्या म्हणून ती पुस्तके आज दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ ठप्प झाल्या. विजापूरची हस्तलिखिते ज्या इमारतीत आहेत तिची सूचीसुद्धा त्या काळात येथून पाहता येत नव्हती.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजार तीनशेच्या आसपास संस्था असा तिचा आवाका आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्था हे तिचे पहिले लाभार्थी आहेत. निपाणी परिसरात उच्च शिक्षणाचा बराच भार खासगी संस्था वाहतात, हे लक्षात घेतले म्हणजे रेषा पुन्हा कोठून गेली आहे ते दिसते. या वेळी ती दोन राज्यांमधून गेलेली नाही, इतकेच.

डॉ. जोशी यांचा तो लेख मधल्या, अडलेल्या काळातला. तो असलेला जोडअंक जुन्या महाविद्यालयांच्या व वाचनालयांच्या कपाटांत बांधील खंडांमध्ये असण्याचा संभव आहे. आपल्या संस्थांच्या ग्रंथपालांनी अशा खंडांची, तसेच उर्दू व मराठी नियतकालिकांच्या फुटकळ अंकांची, निदान अनुक्रमणिकांची पाने तरी मोबाइलवर टिपून एकत्र करावीत. त्यासाठी कोणाच्या वर्गणीची गरज नाही. निपाणीच्या विद्यार्थ्याला कोणता लेख कोणत्या गावाच्या कपाटात आहे एवढे कळले, तर एसटी अजून चालू आहे.