यादीत नाव नसणं

मंडळी, आजचा विषय मी निवडलेला नाही. इथे निगडीत वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या काही पालकांनी तो माझ्या गळ्यात घातला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीची यादी लागली आणि त्यांच्यातल्या दोघांच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तत्त्वज्ञानाच्या मास्तराकडे यावर काय उपाय असणार? उपाय नाहीच. थोडा इतिहास आहे, तो सांगतो.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. ‘याचे गुण कमी पडले’ असं बाप पाहुण्यांना सांगतो, तेव्हा नेमके कुठले गुण कमी पडले हे शेजारी उभ्या असलेल्या मुलाला कळत नाही. खरं म्हणजे बापालाही नीट माहीत नसतं. त्यात यादीचं नाव ‘गुणवत्ता यादी’. मग यादीत नाही तो कोण? हे वाक्य घरात कुणी पूर्ण करत नाही, पण ऐकू येतं सगळ्यांना.

माझंच सांगतो. वडील पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामगार होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली उभा राहिलेला पेनिसिलिनचा कारखाना. कॉलनीतल्या प्रत्येक बापाला वाटे, पोरगा इंजिनिअर व्हावा. रोज डोळ्यांसमोर इंजिनिअर साहेब दिसत, दुसरं काय वाटणार? पण जागा होत्या कुठे? पुण्याचं 1854 पासूनचं सरकारी कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, 1960 साली निघालेली कराड, औरंगाबाद, नागपूरची कॉलेजं, मागून अमरावती. आणखी एखाद-दोन धरा. एवढ्या राज्याला एवढीच.

यादी तेव्हा फळ्याला टाचत. माझं नाव चार मार्कांनी गेलं. वडील एक शब्द बोलले नाहीत. सायकलवर बसलेही नाहीत, हातात धरून चालत राहिले, मी मागे. मी आर्ट्सला गेलो, पुढे तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली. लोक म्हणतात, ‘सर, बरंच झालं की मग!’ नाही हो. त्या वर्षी वाईटच झालं होतं. पुढे आयुष्य बरं गेलं म्हणून त्या दुपारचं दुःख खोटं ठरत नाही. मुलांना हे ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ लगेच ऐकवू नका. त्यांना ते पटत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता 1983 कडे या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि जागा भराभर वाढल्या. जे मार्क 1982 साली कमी पडत होते, तेच दोन-तीन वर्षांत पुरेसे झाले, अर्थात गाठीला पैसे असतील तर. मुलं तशीच होती, त्यांचं गणितही तसंच होतं. रेघ हलली होती. मग देणग्यांचा बोभाटा, 1987 चा कॅपिटेशन फी बंदी कायदा, आणि 1993 चा सर्वोच्च न्यायालयाचा उन्नीकृष्णन निकाल. ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्यांना आठवत असतील. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात न्यायालयाने ती योजनाही मोडीत काढली. दहा वर्षांत नियम दोनदा उलटेपालटे. त्या प्रत्येक फेरबदलात कुणाचं तरी नाव यादीत आलं आणि कुणाचं तरी गेलं, आणि त्या सगळ्यांनी तो स्वतःच्या लायकीचा निकाल मानला.

आजची रेघ तर फारच बारीक. सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत काढतात. तिथल्या सातव्या आकड्यात मुलाची कुठली बुद्धी मोजली जाते, सांगा मला. काहीच मोजलं जात नाही, फक्त रांग लावायची सोय होते. शिवाय विद्यापीठाशी संलग्न बऱ्याच कॉलेजांत 70 टक्के जागा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या आणि 30 टक्के बाहेरच्यांच्या. पुणे विद्यापीठ म्हणजे पुणे, नगर, नाशिक. आता चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एक बाप घ्या. त्याने पोराला शिकवणीसाठी लातूरला ठेवलं आणि बारावी तिथून दिली. पोराचं घर भोसरीत, पण यादीच्या लेखी तो बाहेरचा! एकाच वर्गात दोन कट-ऑफ. नियमामागे कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण तो नियम पोराच्या डोक्याविषयी काही सांगतो का?

नव्वदच्या दशकात मीही या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. अकरावी सायन्सचे प्रवेश होते. कंपनीचा युनिफॉर्म घातलेला एक गृहस्थ, रात्रपाळी करून थेट आलेला. म्हणाला, ‘सर, दोन मार्कांत काय असतं?’ मी म्हटलं, ‘नियम आहे.’ तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, आणि हे उत्तर! खरं उत्तर असं होतं की दोन मार्कांत काही नसतं, आमच्याकडे बाकं कमी आहेत. एवढं म्हणालो असतो तर त्याने घरी जाऊन पोराला वेगळं काही सांगितलं असतं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाच्या 1958 च्या पुस्तकाने रूढ केला, आणि ते पुस्तक उपहासाचं होतं. जगाने शब्द उचलला, उपहास तिथेच राहिला. यंगची भीती अशी की पूर्वी गरीब म्हणत, आमच्यावर अन्याय झाला. आता हरलेल्याला वाटेल, आपणच नालायक. आपल्या घरांत वेगळं काय चाललंय?

या पट्ट्यात दुसरे रस्ते होते, आहेत. 1961 च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप, पाळी सांभाळून दिलेली एएमआयई, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आमच्या कॉलनीतले कितीतरी जण तसेच वर आले. मात्र पोराच्या दुःखावर त्याच संध्याकाळी ही मलमपट्टी करू नका. आठवडाभराने बोला.

आणि एक व्यवहाराचं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का धरला जातो. तेव्हा अर्ज भरताना पर्याय मनापासून हवे त्याच क्रमाने लिहा, शेजारच्याचं बघून नको. दुसरी फेरी अजून व्हायची आहे. मागच्या रांगेत काहीजण मोबाईल बघताहेत, बघू द्या. बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.