मुंबईच्या बायांचं ताट आणि प्रयोगशाळेतले उंदीर

इन्स्टाग्राम उघडलं की दर दोन-चार रीलमागे कुणीतरी सांगतंच, कमी खा, जास्त जगाल. दाखला उंदरांचा. दाखला खोटा नाही. पण त्याच्या थोडं आधी मुंबईच्या बायांच्या जेवणावर उंदीर पाळून पाहिले गेले होते. ती गोष्ट रीलमध्ये येत नाही.

परळला केईएमच्या शेजारी आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. एकेकाळचा हा गव्हर्नरचा बंगला. 1899 साली तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली, 1925 साली तिला हाफकिनचं नाव मिळालं. 1928 मध्ये ल्युसी विल्स नावाच्या चाळीस वर्षांच्या इंग्रज डॉक्टर इथे कामाला लागल्या. त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा संप चालू होता. गिरणगावात चुली मंदावल्या होत्या.

विल्स यांच्यापुढचा प्रश्न होता गरोदर बायांचा. त्यांचं रक्त कमी व्हायचं, तांबड्या पेशी थोड्या पण आकाराने मोठ्या दिसायच्या. कित्येक जणी यात दगावत. विल्स यांनी जंतू शोधलेच, पण बायांच्या ताटातही डोकावून पाहिलं. एस. एन. तळपदे यांच्यासोबत केलेली मुंबईतल्या बायांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी 1930 साली छापून आली. गरीब मुसलमान बायांचं जेवण सगळ्यात निकस, आणि हा आजारही त्यांच्यातच जास्त.

मग तेच जेवण उंदरांना दिलं. गाभण उंदरिणींचं रक्त कमी झालं, पिल्लं व्हायच्या आधीच त्या मेल्या. प्रश्न सुटला असं वाटलं. पण पुढे कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवा बार्टोनेला नावाचा जंतू पसरवत होत्या आणि निकाल त्याने गढूळ केला होता. विल्स माकडांकडे वळल्या. मरायला टेकलेल्या एका माकडाला त्यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, चारला. ते उठून बसलं. मग तोच स्वस्त अर्क आजारी बायांना दिला, आणि त्या सावरल्या. 1931 साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं.

अर्कातलं ते द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. 1945 मध्ये अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवलं. आज गरोदर बाईला सुरुवातीलाच जी गोळी देतात, ती हीच.

आता रीलमधला उंदीर. 1935 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांचं खाणं कमी केलं. ते खुरटले, पण त्यांतले बरेच, विशेषतः नर, जास्त जगले. मात्र मॅके यांनी कॅलरीच तेवढ्या कापल्या होत्या; जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेपूर दिले होते. मुंबईच्या बायांच्या ताटात नेमकं तेच नव्हतं. कमी खाणं वेगळं, निकस खाणं वेगळं.

या कोड्याचा एक धागा पुन्हा मुंबईतच सापडला. 2012 मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या उल्लास कोल्थूर-सीताराम आणि सहकाऱ्यांनी फळमाशीत दाखवलं की आहारानुसार आयुष्य बदलतं, त्यात एसआयआर-2 या जनुकाचा हात आहे. तोही स्नायूंत नाही, तर माशीच्या चरबीसाठ्यात.

माशी, उंदीर, माकड, सगळ्यांनी आपल्याला काही ना काही शिकवलं. पण पिंजऱ्यातल्या उंदराला किती आणि काय द्यायचं, हे कुणीतरी मोजून ठरवलं होतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरेल ते खाणाऱ्या बाईसाठी तसं कुणी मोजत नव्हतं. विल्स यांनी ते मोजलं. उपवासाचं ॲप लावण्याआधी आपल्या घरात शेवटी कोण जेवतं आणि तिच्या ताटात काय असतं, तेवढं एकदा बघा.