आंतरक्रियात्मक वेबपृष्ठांची मूलभूत तंत्रे : उगम आणि अध्ययनपरंपरा यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ते तंत्र सामान्य माणूस शिकला कसा, हा प्रश्न त्यात मागे पडतो. वेबपृष्ठांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट ही तीन तंत्रे पसरली ती मुख्यतः एकमेकांची पाने उघडून वाचण्यातून. विद्यापीठांचे अभ्यासक्रम मागाहून आले. आज आपल्या अनेक महाविद्यालयांत ही तिन्ही तंत्रे एकाच सत्रात सलग शिकविली जातात. परंतु ती तीन का आहेत, एक का नाही, हे विद्यार्थ्यास सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तथापि या 'का'चे उत्तर इतिहासातच सापडते, असे त्याचे मत आहे.

वाचनीय पानाकडून उत्तर देणाऱ्या पानाकडे

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहिती-व्यवस्थापनाचा एक प्रस्ताव मांडला. त्यातून वेबचा जन्म झाला. १९९१ मधील एचटीएमएलच्या पहिल्या वर्णनात अवघे वीसच्या आसपास टॅग होते : शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा इत्यादी. वैज्ञानिकांनी परस्परांची टिपणे वाचावीत एवढाच हेतू असल्यामुळे त्यात चित्रालाही स्थान नव्हते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. या निर्णयाचे महत्त्व कोणत्याही शोधाहून कमी मानता येणार नाही. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांच्या मोझेक ब्राउझरमुळे मजकुराच्या ओळींतच चित्रे दिसू लागली.

वाचक पानाला प्रश्न विचारू लागला तो फॉर्ममुळे. १९९३ मध्येच मोझेकच्या त्याच केंद्रात सीजीआय ही पद्धत आकारास आली. वाचकाने भरलेली माहिती सर्व्हरकडे जाई, तेथे एखादा प्रोग्रॅम चाले आणि नवे पान तयार होऊन परत येई. ही आंतरक्रिया खरी, पण संथ होती. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडलेल्या वाचकाचा एखादा रकाना रिकामा राहिला, तर ती चूक त्याला पूर्ण फेरी झाल्यानंतरच कळत असे. तपासणीचे काम वाचकाच्याच संगणकावर का होऊ नये, या गरजेची जावास्क्रिप्ट ही परिणती होय.

नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. प्रथम मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबर १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट असा तिच्या नावाचा प्रवास झाला. त्या काळी जावाचा बोलबाला होता. नावामागे त्याचाच लाभ घेण्याचा विचार होता. आजही विद्यार्थी या दोन भाषांची गल्लत करतात, त्यात त्यांचा दोष नाही. आतून ही भाषा स्कीम व सेल्फ या दोन भाषांच्या विचारांवर उभी आहे. घाईच्या खुणाही तिच्यात टिकून आहेत. 'नल' या रिक्त मूल्याचा प्रकार विचारला असता ती आजही 'ऑब्जेक्ट' असे उत्तर देते. ही चूक सुधारल्यास जुनी पाने मोडतील, म्हणून ती तशीच ठेवली गेली. शिकणाऱ्यास विक्षिप्त वाटणाऱ्या अशा नियमामागे हा इतिहास आहे.

सजावटीची समस्या निराळी होती. रंग व अक्षराचा आकार यांसाठी एचटीएमएलमध्येच टॅग घुसविले जात होते आणि पानाची रचना तक्त्यांच्या आधारे केली जात होती. होकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीचे नियम वेगळे ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसला मान्यता मिळाली. आशय, रूप आणि वर्तन यांसाठी तीन तंत्रे अशा रीतीने तीन वेगळ्या गरजांतून आली. जून १९९७ मध्ये जावास्क्रिप्टचे प्रमाणीकरण झाले खरे. परंतु पानातील घटकांना हात कसा घालावा याबाबत नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांचे मार्ग भिन्न राहिले आणि शिकणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा लिहावी लागे.

उघडे पान हीच शाळा

ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर दाखविण्याची सोय प्रारंभापासून होती. आवडलेल्या पानाचा स्रोत उघडावा, उतरवून घ्यावा, एखादी ओळ बदलून काय घडते ते पाहावे, अशी ती पद्धत. त्यात ब्राउझर चुका पोटात घालीत. बंद न केलेल्या टॅगमुळे पान कोसळत नसे, म्हणून नवशिक्याचे धैर्य टिकून राही.

मराठी विद्यार्थ्याला मात्र येथे एक अडथळा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा सुरू झाली. त्यानंतरच्या काळातील बहुतांश मराठी पाने रोमन संकेतांवर देवनागरी आकार बसविलेल्या फॉन्टांवर अवलंबून होती. पानाचा स्रोत उघडला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसे. म्हणजे टॅग वाचता येत, पण स्वतःची भाषा नाही! युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी होती, तरी तिचा प्रसार होण्यास दीर्घ काळ जावा लागला. आता तो गुंता सुटला असला, तरी जावास्क्रिप्टला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली असता ती तीन न सांगता पाच सांगते, कारण ती काना-वेलांटीही स्वतंत्र मोजते. नावाची लांबी तपासणारा फॉर्म लिहिताना आपल्या विद्यार्थ्यास हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी 'एजॅक्स' ही संज्ञा रूढ केली. पूर्ण पान न बदलता सर्व्हरकडून माहिती आणण्याची ही रीत जीमेलने २००४ मध्येच लोकप्रिय केली होती. पाने प्रोग्रॅमसारखी झाली आणि त्यांचा स्रोत आकुंचित करून, नावे एकाक्षरी करून पाठविला जाऊ लागला. वेगासाठी ते योग्यच. पण वाचून शिकण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

सर्नने २०१३ मध्ये पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध करून दिले. प्रस्तुत लेखकाने इतिहासाच्या तासाला त्याचा स्रोत पडद्यावर दाखविला असता, संगणकाचा विषय न घेतलेल्या एका विद्यार्थिनीने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि दुवा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, ते बोट ठेवून दाखविले.